लाइन खराब नव्हती

प्रिय ठमे,

तुझा निरोप वाचला. ‘बाबा, रागावलात का? फोन का उचलत नाही?’ अगं, रागवायला अंगात जोर लागतो, आणि तो मी हल्ली जपून वापरतो. तू लांबची नोकरी धरलीस म्हणून मी फुगून बसलोय, असं तुझ्या डोक्यात शिरलं असेल तर ते आधी काढून टाक. खालच्या शिंप्याला मी तुझं इतकं कौतुक ऐकवलंय की मला येताना बघितलं की तो मशीन जोरात चालवायचा.

माझ्या फुप्फुसांचं तुला माहीत आहेच. सगळा जन्म लाकूड घासण्यात आणि पॉलिशच्या वासात गेला, त्यात सिगारेटची भर. सिगारेट सुटली, पण आकसलेल्या नळ्या काही पहिल्यासारख्या होत नाहीत. हवा आत जाते, बाहेर पडायला मात्र कुरकुर करते, आणि जुनी हवा ठाण मांडून बसली की नवीला जागा कुठून मिळणार? डॉक्टरांनी दिलेला पंप न चुकता ओढतो. शिवाय श्वास घ्यायला शिकवणारी एक मुलगी येते. वयाने तुझ्याएवढी, ओरडण्यात थेट तुझ्या आईवर गेलेली. नाकाने हळू आत, मग ओठांचा चंबू करून त्याहून सावकाश बाहेर, आणि जोर अजिबात करायचा नाही. मी तिला म्हटलं, हे मला येतं. तू सायकलवरून पडून गुडघा फोडून घ्यायचीस, तेव्हा औषध लावल्यावर मी अशीच फुंकर घालायचो. ती म्हणाली, मग आता तीच स्वतःसाठी घाला.

बाकी घरात बरेच फेरफार केलेत. न्हाणीघरात स्टूल ठेवलंय, दाढी बसून करतो. उठताना, जिना चढताना श्वास सोडत पाऊल टाकायचं. जड कपाट उचलताना आम्ही कारागीर तेच करायचो, फक्त आता ते कपाट म्हणजे मीच. धाप लागली की टेबलावर उशी ठेवतो, तिच्यावर हात आणि डोकं टेकतो आणि छोटा पंखा तोंडावर सोडतो. हळूहळू छाती मोकळी होते. पण तसं वाकून बसलं की समोर तुझ्या आईची रिकामी खुर्ची दिसते, आणि वाटतं, कुणीतरी नुसतं बसलेलं असतं तरी चाललं असतं. फार एकटं वाटतं गं. ज्याला तुम्ही दोघी ‘रेडिओ’ म्हणायचात, जरा बंद व्हा म्हणून हात जोडायचात, त्याचा आवाज आता या घरात दिवस दिवस निघत नाही. परवा मी दिसल्यावर शिंप्याने आपणहून मशीन थांबवली, मी काही बोलेन म्हणून. मी नुसता हात हलवला आणि पुढे गेलो.

आता खरं काय ते सांगतो. गेल्या महिन्यात तुझा फोन आला, तेव्हा मी आंघोळ करून नुकताच बाहेर आलो होतो. फोन उचलला, पण तोंडातून शब्दच फुटेना, नुसती धाप. तू ‘हॅलो, हॅलो, बाबा’ करत राहिलीस, मग जवळच्या कुणाला तरी म्हणालीस, लाइन खराब आहे, आणि फोन ठेवलास. लाइन खराब नव्हती, ठमे. ती खरखर माझी होती. तू तिकडे एकटी असताना ती तुझ्या कानावर पडावी, हे मला सोसवेना, म्हणून त्यानंतर मी फोन उचललाच नाही. पण माझं गप्प बसणं तुला राग वाटत असेल, तर त्यापेक्षा धाप बरी. त्या मुलीने आता बोलायचंही शिकवलंय. श्वास सोडताना दोन-चार शब्द बोलायचे, थांबायचं, पुन्हा दोन-चार. तुझ्या आईच्या खुर्चीसमोर बसून सराव करतो, ती काही टोकत नाही. रविवारी सकाळी फोन कर. मी आधीपासून बसून तयार असेन. मधेच काही ऐकू येईनासं झालं तर घाबरू नकोस, माझी वाक्यं तू पुरी करू नकोस, आणि काही झालं तरी फोन ठेवू नकोस. मी तिथेच असतो.

तुझाच,
रेडिओ