मासीलचा गतिरोधक

आइत ओफेल्ला,
२ डिसेंबर

प्रिय अकलीस,
वर्दियाताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील आणि फ्रान्सच्या थंडीत कान झाकून फिरत असशील असं धरून चालते. हे पत्र आणि तेलाचा डबा सलीमाच्या नवऱ्याबरोबर पाठवतेय. तेल आधी चाख, पत्र मग वाच. उलटं केलंस तर डब्याला हात लावणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर रस्त्याचा र काढला की तुझी लाईन जाते. कागद फार तर बाजूला ठेवशील, पण तो तिथेच पडून राहील.

यंदा ऑलिव्ह बरे आले. अंजिरं पावसाने खाल्ली. दा मेझियान अजून गावसभेचे मुख्य आहेत. गुडघे गेले, आवाज मात्र जशास तसा. तुझ्या घराचं दार मी महिन्यातून एकदा उघडते, वारा खेळवते, बंद करते.

आता आमच्या तिझिरीचं. ती बंदरावर नोकरीला आहे असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, जुनं होतं. तिची बदली प्रांताच्या बांधकाम खात्यात झाली आणि आपल्या दरीचा रस्ता तिच्याकडे आला. ज्या रस्त्यासाठी आपल्या बापाच्या पिढीने टायर जाळून घाट अडवला, अर्ज देऊन देऊन चपला झिजवल्या, तो मंजूर झालाय. माझ्या पोरीने करून आणलाय. बैठकीत एका साहेबाने विचारलं म्हणे, एवढ्याशा गावांसाठी एवढा निधी कशाला. आमची बया म्हणाली, "गावं लहान आहेत साहेब, दरी लहान नाही." हे लिहिताना माझी मान ताठ होतेय. होऊ दे, पोटच्या पोरीचं कौतुक करायला मी कुणाची परवानगी घेणार नाही.

पण निधीला अट आहे. लोकांनी आपल्या हाताने घातलेले गतिरोधक काढायचे. आणि शाळेखालचं वळण कापून सरळ करायचं.

पत्र खाली ठेवू नकोस, अकली.

शाळेखालच्या गतिरोधकासाठी तू वाळू वाहिलीस तेव्हा तो वीतभर होता. नंतर एखादा ट्रक जोरात गेला की कुणीतरी सिमेंटचा आणखी एक थर चढवायचं. आता त्यावर बकऱ्या ऊन खात बसतात. त्याला रंग नाही, अलीकडे-पलीकडे पाटी नाही. गावातल्या प्रत्येकाला तो कुठे आहे ते माहीत, मग पाटी कुणासाठी, असं आपलं शहाणपण. सगळे त्याला मासीलचा गतिरोधक म्हणतात. त्यावरून जाताना ड्रायव्हर मान लववतात. मलाही वाटायचं, तुझ्या पोराचं नाव निदान रस्त्यावर तरी राहिलं.

मागच्या हिवाळ्यात दाट धुकं होतं. मुलींच्या शाळेची बस, ड्रायव्हर परगावचा. बस त्यावर उडाली, घसरली आणि दरीच्या तोंडाशी जाऊन माझ्या झाडाला अडली. तेच, तुझ्या जमिनीतलं जुनं ऑलिव्ह. जमीन तुझी, झाड माझं, आईने वाटून दिलं तसं. एका मुलीचा हात मोडला, बाकी सगळ्या वाचल्या. हे तुला कुणी कळवलं नाही, मीच सगळ्यांना नको म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बायका झाडाला नवसाच्या चिंध्या बांधायला लागल्या.

मागच्या महिन्यात गावसभेने तिझिरीला बोलावलं. आजवर त्या दगडी ओट्यांवर बाई बसलेली मी पाहिली नव्हती. आम्ही बायका भिंतीआड कान लावून उभ्या.

दा मेझियान म्हणाले, "पोरी, हा गतिरोधक आम्ही घातला तेव्हा तू शाळेत होतीस. आता आम्हाला शिकवतेस?"

"शिकवत नाही, दा. तुमच्या पाठीला विचारा, गाडीतून जाताना काय म्हणते ते."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "झाडाने वाचवलं की पोरींना."

"मग काय, झाडाच्या भरवशावर रस्ता चालवायचा?" ती म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मासीलला वेगाने नाही मारलं. ट्रक हळू येत होता. वळणामुळे ड्रायव्हरला तो दिसलाच नाही. मी तिथे होते. मला माहीत आहे."

अकली, इतक्या वर्षांत हे वाक्य तिने माझ्यासमोरही उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी त्याला शाळेतून आणायला ती गेली होती, हे तू आणि मी दोघेही टाळतो. तू तिला कधी बोल लावला नाहीस. पण तिच्याशी बोललाही नाहीस. ती रस्ते बांधायला का शिकली, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

मग तिने सगळं समजावलं. वळण गेलं की दोन्हीकडून दूरचं दिसेल. शाळेसमोर कठडा, चालायला वेगळी वाट, दिवे, आणि नियमातले दोन बुटके गतिरोधक, पांढऱ्या पट्ट्यांचे, आधी पाटी लावलेले. शेवटी दा मेझियान म्हणाले, "गाव राजी आहे. पण वळण कापायला लागते ती जमीन अकलीची आणि पोरगाही अकलीचा. त्याचा शब्द बाकी आहे."

तुझ्या घराची जागा ओट्यावर रिकामीच ठेवतात. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मग भिंतीआडून मला विचारलं, सख्खी बहीण आहेस, भावाच्या वतीने हो म्हणतेस का. म्हटलं असतं तर काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं असतं. वसंताच्या आत कुदळ पडली नाही तर निधी पलीकडच्या दरीत जाईल, तिथले लोक टपूनच बसलेत. तरी मी नाही म्हणाले. त्याचा शब्द तोच देईल, म्हणाले. घरी येईपर्यंत तिझिरी माझ्या चार पावलं पुढे चालली. मग चहा पुढे ठेवून म्हणाली, "बरं केलंस, आई."

माझं होतं ते मी दिलंय. फळं उतरवली आणि झाड पाडलं. चिंध्या आधी एकेक सोडवून घेतल्या. डब्यातलं तेल त्याचंच, शेवटचं.

तू हो म्हण असं मी लिहीत नाही. नाही म्हणायचं असेल तरी ये आणि त्या ओट्यावर बसून म्हण. तुझ्या पत्राखाली हल्ली नुसतं 'अकली' असतं. आपल्याकडे माणूस एवढा सुटा नसतो रे.

दाराची किल्ली जिच्याकडे आहे ती,
वर्दियाताई


सेंत-एतियेन,
१९ डिसेंबर

प्रिय तिझिरी,

ताईला वाटेल पत्र तिला येईल. थोडं चिडू दे.

तेल चाखलं. मग पत्र वाचलं. मग बाजूला ठेवलं आणि पुन्हा उचललं.

ट्रक हळू येत होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोलिसांनी सांगितलं होतं. पण वळणावर राग कसा काढायचा? सिमेंटवर निदान हात चालतात. म्हणून मी वाळू वाहत राहिलो. ज्याच्यासाठी सिमेंट ओतलं त्याला मनात ठेवलं आणि जिचा हात धरून तो शाळेत जायचा तिला विसरलो. तूही तेव्हा लहानच होतीस, बाळा. हे तुला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं.

बोटीचं तिकीट काढलंय. नवीन वर्षाच्या पहिल्या शुक्रवारी गावसभेत असेन. दा मेझियानना सांग, जागेवरची धूळ झटकून ठेवा. जमीन लागेल तेवढी घे, उरेल तिथे ताईसाठी एक रोप लावू.

गतिरोधकावर पहिला घाव माझा. दुसरा तुझा. यंत्र त्यानंतर आण. आणि शाळेसमोर नवीन पट्ट्या मारशील त्या दिवशी मला एक ब्रश दे.

तुझा मामा,
मासीलचा बाप,
अकली