खास की आम?

मी, शहाता मुतवल्ली गुनैम, धंदा लाकडावरचं कोरीवकाम, राहणार दमयात (इजिप्त), सुतारआळी, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. 'पूर्ण शुद्धीत' हे शब्द नीट लक्षात ठेवावेत. सगळं भांडण त्यांच्यावरच आहे.

कलम १. बायको वारली. मला एकच मुलगी, इंशिराह. मुलगा नाही, म्हणून कायद्याने दुसरा वारस माझ्या दिवंगत भावाचा मुलगा हुसनी. हे मी ठरवलेलं नाही. बदलायची सोय असती तर हे कलम मी लिहिलंच नसतं.

कलम २. घर आणि खालचा कारखाना माझ्या मालकीचा. म्हणजे होता. आता तो माझा की बँकेचा, हे मला अजून धड उमगलेलं नाही. घडलं तसं लिहितो.

इंशिराहचं लग्न ठरलं तेव्हा मी कमरेच्या ऑपरेशननंतर खाटेवर पडून होतो. निकाहात मुलीच्या वतीने बाप हात पुढे करतो; त्याला जमत नसेल तर वकील लागतो. आमच्यात वकील म्हणजे आपल्या जागी उभा राहणारा माणूस. काळ्या कोटातल्या अदलीसाहेबांचं प्रकरण पुढे येईल. हुसनी म्हणाला, "काका, मी आहे ना, तुम्ही कशाला काळजी करता?" सरकारी कारकून घरी आला. त्याने विचारलं, "मुखत्यारपत्र खास लिहू की आम?" खास म्हणजे फक्त लग्नापुरतं, आम म्हणजे सगळ्याच व्यवहारांना. खाटेभोवती सगळे सोयरे बसलेले. सख्ख्या पुतण्याला विश्वास काय मोजूनमापून द्यायचा? मी तोऱ्यात म्हणालो, "आम लिहा! आमचंच रक्त आहे." कॉफीवाला बसयूनी शेजारीच होता, तो तर "वा शहाताभाऊ!" म्हणाला. त्या 'वा'पायी माझं घर गेलं.

लग्न थाटात झालं. पांढऱ्या रुमालाखाली हुसनीने माझ्या वतीने जावयाचा हात हातात घेतला. मी खाटेवर पडल्या पडल्या रडलो.

पुढे एके दिवशी बँकेचा माणूस दारात. "यंत्र बघायला आलोय."

"कसलं यंत्र?"

"कोरीवकामाचं. त्यासाठी तुम्ही कर्ज काढलंत ना?"

"अहो, मी तर चहासुद्धा कधी उधार प्यायलो नाही!"

त्याने तोच कागद पुढे केला. आम मुखत्यारपत्र, खाली माझी सही. माझं घर तारण ठेवून यंत्राच्या नावाने उचललेला पैसा हुसनीने एका मासेमारी बोटीच्या भागीदारीत घातला होता. धंदा बसला आणि हुसनी अलेक्झांड्रियाला पळाला.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "सही तुमची?"

"माझी."

"पुतण्याला वकील तुम्हीच नेमलंत?"

"नेमलं, पण लग्नासाठी!"

"असं कागदावर लिहिलंय का, उस्ता शहाता?"

उस्ता म्हणजे कसबी कारागीर, हा मान तेवढा मिळाला. ते म्हणाले, पुतण्याने फसवलं ते तुम्हाला. बँकेने तुमचा कागद बघून पैसे दिले. हे मी डोक्यात किती वेळा घोळवलं! लुटला गेलो मी, आणि देणंही माझ्याच माथी? मी तर खाटेवर होतो हो! बसयूनी अजून येता-जाता टोमणा मारतो, "काय शहाताभाऊ, काल झोपेत किती कर्ज काढलंत?"

कलम ३. निकालाआधी अदलीसाहेबांनी बाजूला घेतलं. "एक वाट आहे, उस्ता. सांगा, सही करताना मी औषधाच्या गुंगीत होतो, शुद्धीत नव्हतो. कागद रद्द, कर्ज रद्द, घर सुटलं." मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. जिना उतरताना मात्र पाय अडखळला. कागद रद्द, तर निकाहाचं काय? तोही त्याच कागदावर लागलेला.

अदलीसाहेब म्हणाले, "लग्नाला काही होत नाही, मुलगी सज्ञान आहे." काजी म्हणाले, "बघून सांगतो." बघून! माझी नात रांगायला लागली, आणि हे बघून सांगणार! विहीणबाई हसत हसत म्हणाल्या, "मग आमच्या घरात इंशिराह राहते ती कोण म्हणून?" चेष्टेतच म्हणाल्या, पण म्हणाल्या. कोण बरोबर, कोण चूक, देव जाणे. माझं डोकं चालेना.

शेवटी इंशिराहलाच विचारलं. घर तिचंच जाणार होतं. ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी सही करून तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तोही गुंगीतच ठेवलात का?"

कोर्टात मी अदलीसाहेबांना गुंगीबद्दल तोंडच उघडू दिलं नाही. निकाल बँकेच्या बाजूने गेला.

कलम ४. म्हणून माझ्या पश्चात आधी घर विकून बँकेचं देणं भागवावं. बँकेपुढे देणेकरी मी. पण माझ्यापुढे देणेकरी हुसनी. उरेल त्यात त्याचा जो वाटा निघेल, तो या देण्यापोटी वळता करून इंशिराहला द्यावा. एवढं एक मला या सगळ्या गोंधळातून कळलं आहे. हुसनी भांडायला आला तर त्याला म्हणावं, आधी ती बोट दाखव.

कलम ५. माझ्या सगळ्या पटाशा इंशिराहला. लहानपणापासून धार तीच लावत आली. बसयूनीला काही नाही.

कलम ६. निकाहाचा पांढरा रुमाल माझ्या उशाखाली आहे, तो नातीसाठी. तिच्या लग्नात वकील नेमाल तेव्हा खास लिहा. सोयऱ्यांच्या तोंडाकडे बघू नका.

वरील सर्व मी वाचून, समजून लिहिलं आहे. जे समजलं नाही ते तसंच लिहिलं आहे. आज मी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्या मुलीच्या निकाहाच्या कागदावर सही केली, त्या दिवशीही होतो.

सही: शहाता मुतवल्ली गुनैम

साक्षीदार:
१. बसयूनी रगब, कॉफीवाला (त्या दिवशीही खाटेशेजारी हाच होता)
२. अदली तौफीक, कायद्याचा सल्लागार (नाराजीने)

ठिकाण: दमयात
तारीख: १४ मार्च २०१९