अर्ध्या चुन्याची कबर

१६ मार्च १९८६, रविवार. सौंसर
पाळकसाहेबांनी आज उपदेशाला पुन्हा क्षमा हाच विषय घेतला. माझ्याकडे बघूनच बोलत होते, दुसरं काय! गेल्या मे महिन्यापासून मी धाकट्या वसंतशी बोलत नाही, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. (यापुढे नुसतं व. पूर्ण नाव लिहायची त्याची लायकी नाही.)

आई पांढुर्ण्याला त्याच्याकडे असतानाच वारली. निरोप आला तशी दवाखान्यातलं काम टाकून बस धरली. कब्रस्तानात पोचले तर माती लोटून झालेली. तासभर थांबला असता तर आईचं तोंड पाहिलं असतं मी. विचारलं तर म्हणे, "ऊन लय होतं ताई, लोकं ताटकळून राहिले होते." लोकांना ऊन लागत होतं!

२३ मार्च, झावळ्यांचा रविवार
ठरलं. ईस्टरला पांढुर्ण्याला जायचं.

पहाटे सगळे कब्रस्तानात जमतात. घरातलं जो कबरीवर आधी पोचेल त्याने म्हणायचं, "प्रभू उठला आहे." मागून आलेल्याने म्हणायचं, "खरोखर उठला आहे." मगच मेणबत्ती लावायची. उत्तर नाही तर उजेड नाही. बाबांच्या कबरीवर दरवर्षी व. आधी असायचा. यंदा आईच्या कबरीवरही असेलच. म्हणू दे त्याला. मी तोंड उघडणार नाही. सगळ्या कबरींवर उजेड आणि हा न पेटलेली मेणबत्ती धरून मंडळीसमोर उभा. हे डोळ्यांसमोर आलं की बरं वाटतं. उपासाच्या दिवसांत असं बरं वाटू नये, पण वाटतं.

२८ मार्च, उत्तम शुक्रवार. पांढुर्णा
मावशीकडे उतरले. व.चं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिकडे फिरकले नाही. तीन तासांच्या उपासनेत तो पुढे, मी मागे. वाळला आहे. वाळू दे.

मावशीने जेवताना सुनावलंच. "थो रोज कबरीवर जाऊन बसते. तुले काय भेटून राहिलं असं रागावून?" मी म्हटलं, मला काहीच भेटलं नाही, तोंडसुद्धा नाही.

क्रुसावरून प्रभूंनी क्षमा केली, मान्य. पण त्यांची आई शेवटपर्यंत तिथे उभी होती. तिला कोणी उन्हाचं कारण सांगितलं नाही.

२९ मार्च, शनि.
सणासाठी कबर रंगवायला चुना भिजवून दुपारी कब्रस्तानात गेले. आईची कबर अर्धीच रंगवलेली! डोक्याकडची बाजू तशीच मातकट. शेजारच्या कबरीवर चुना मारणारी बाई म्हणाली, "तुमच्या भावानं ठेवली जी तुमच्यासाठी. ताई येईन म्हणे."

अंगाचा तिळपापड झाला. तेव्हा तोंड पाहू दिलं नाही आणि आता डोक्याकडची बाजू वाटून देतोय. माझी अर्धी तर केलीच, त्याच्या अर्ध्यावरही दोनदा कुंचा फिरवला. त्याचा हात दिसायला नको. चुन्याने बोटं फाटली आहेत. आई असती तर खोबरेल...

३० मार्च, ईस्टर
चूक माझीच.

व.चं तोंड पडलेलं नीट दिसावं म्हणून पुढची जागा धरायला लवकर निघाले. आणि आधी पोचले. कबरीशी उभी राहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की म्हणायचं आता मला आहे. मीच म्हटलं नाही तर अंधारात आई राहणार, तो नाही.

गप्प राहिले. एकेक कबर उजळत गेली. मागे त्याची पावलं वाजली, थांबली. इथले पाळक प्रभूच्या रिकाम्या कबरीशी आलेल्या मरियेचं सांगत होते. तीही तोंड पाहायलाच आली होती. तिलाही काही मिळालं नाही. रडत उभी होती, मग कोणीतरी नावाने हाक मारली आणि ती वळली.

"शांते."

आईची हाक. तोच हेल. शांते म्हणणारी एकटी आई होती, तो जन्मभर ताई म्हणत आला. काय अधिकार याला? थोबाडीत द्यावी म्हणून वळले.

"तू आली असती तं म्या पेटीचं झाकण लावूच देल्लं नसतं," तो म्हणाला. "तुले पाहून माह्यानं ते झालंच नसतं. म्हून घाई केली."

तेव्हा ऊन म्हणाला होता. दहा महिने मला उन्हावर ठेवलं.

"प्रभू उठला आहे," मी म्हटलं. आईसाठी. त्याच्यासाठी नाही.

तो उत्तर देईना. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. लोक बघायला लागले. मी योजलं होतं अगदी तसंच सगळं, न पेटलेल्या मेणबत्तीसकट. सुख वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. मग तो तसाच निघून गेला.

३१ मार्च, सोम. सौंसर
दवाखान्यात गर्दी. बायका विचारत होत्या, सण कसा झाला. चांगला झाला म्हटलं.

क्षमा केलेली नाही. नुसती वळले, एवढंच.

दोन्ही मेणबत्त्या माझ्या पिशवीत आहेत. त्याची जाताना तिथेच पडली होती. वसंतचं उत्तर अजून यायचं आहे.