आधी आकलन, मग लेथ

५ ऑगस्ट १९७४
देशातील औद्योगिक प्रशिक्षण कसे सुधारावे, असे दिल्लीने आम्हा आयटीआय प्राचार्यांना विचारले आहे. माझी योजना तयार. वर्षभर निव्वळ थिअरी, यंत्राला हात नाही. प्रयोग आमच्याच टर्नर बॅचवर, म्हणजे लेथ या यंत्रावर लोखंड कातायला शिकणाऱ्या मुलांवर. मी स्वतः लेथ कधी चालवलेला नाही, हे मनाशी मान्य केले. म्हणूनच मी निःपक्षपाती आहे.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी
नव्या लेथची पूजा. मुलांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले. इतकी शिस्त वर्गात कधी दिसली नव्हती. लगेच नियम केला: लेथच्या खोलीत रोज अनवाणी यायचे, लांबून बघायचे. वर्कशॉपचे शिक्षक शरणप्पा म्हणाले, "सर, लेथवर लोखंड कापतात. आपली आरती कधी संपायची?" माणूस चांगला. दृष्टी नाही.

१४ फेब्रुवारी १९७५
बॅचमधला सांगोल्याचा मुलगा, नाव श्रीमंत, थिअरीत पहिला. लेथचे सगळे भाग डोळे मिटून सांगतो. वडील नाहीत, आई म्हाळसाबाई शेरडं राखते. नोकरी लागताच तिला सोलापुरात आणणार म्हणतो. वर्ष संपायची वाट न बघता एका कारखान्याला त्याची शिफारस केली. लिहिताना डोळे भरून आले. माझेच.

३ मार्च
कारखान्यात श्रीमंतची चाचणी. दाराशी त्याने सवयीने चपला काढल्या. फोरमन हसला म्हणे, पण अडवले नाही. जमिनीवरचा लोखंडी कीस टाचेत घुसला, तोल गेला, आधाराला हात टाकला तो फिरत्या लेथवर. उजव्या हाताची बोटे गेली. अंगठा आहे.
चूक माझी का? प्रामाणिक उत्तर: अंशतः. अनवाणी राहण्याचा नियम आमच्या खोलीपुरताच, असे स्पष्ट लिहायला हवे होते. दिल्लीला पाठवायच्या अहवालात तळटीप देईन.

२० मार्च
म्हाळसाबाई घरी आली. उंबऱ्याशीच बसली. लेकाला नोकरी लागणारच, या भरवशावर शेरडं आधीच विकून टाकली होती. एका अपघाताने राष्ट्रीय योजना चूक ठरत नाही, हे तिला सोप्या शब्दांत समजावले. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "तुमचा ल्योक कुटं शिकतोय, सायेब?"
खोटे माझ्याच्याने बोलवत नाही. पुण्याला, कॉमर्सला, म्हणालो.
"बरं केलं की," म्हणाली, आणि चहा न घेता उठली.
अहवाल पाकिटात घातला. डिंक वाळला होता. उद्या बघू.