फुकटच्या खतावरचा गांजा

२४ मे, शनिवार
गांजाची रोपं आणली. तीन. मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली आणि सगळा रस्ता हळू चालवली गाडी. मागून लोक हॉर्न मारत होते, मारू देत.

रोपांच्या दुकानातला दाढीवाला म्हणाला, काय घालताय ते लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. शाळा मी लवकर सोडली, पण लिहिता येतं.

मग त्याने बाटल्या मांडल्या. वाढीची एक. मुळांची एक. फुलांची एक. चौथी कशाची म्हणून विचारलं, तर म्हणाला, बाकीच्या तिघींना नीट काम करायला लावते. म्हटलं, म्हणजे मुकादम. किंमत ऐकली आणि बाहेर आले. झाडाला जेवायला घालायचंय, कॉलेजात नाही पाठवायचं.

कशासाठी हा खटाटोप, तर वेंडेलच्या हातांसाठी. नवऱ्याची बोटं सुजून गाजरं झालीत. सकाळी बुटाची नाडी मी बांधते. दुकानातल्या गांजाच्या मलमाने आराम पडतो, पण डबी अंगठ्याएवढी आणि भाव असा की झाकण उघडायला भीती वाटावी. परवा म्हणाला, इर्मा, हात असेच राहिले तर बोट विकून टाकतो. सगळा संसार त्या बोटीवर झाला. शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडून घर बांधलं, पोरींची लग्नं केली. बोटीवर माझं नाव आहे, आडनावाच्या पहिल्या अक्षरासकट, ‘इर्मा जी’. मी म्हटलं, विकून बघच.

ठरलं. ऑक्टोबरात घरच्या गांजाचा घरचा मलम. हात बरे. बोट राहील. खताचा खर्च शून्य.

१ जून
घरामागे रोपं लावली, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी. घरी गांजा लावायला इथे परवानगी आहे, पण झाकून, कायदाच आहे तसा.

खताचं जमलं. शेवंडांच्या पिंजऱ्यात घालायला वेंडेल मच्छीमार सोसायटीतून आमिष आणतो. खारवलेले हेरिंग मासे, टबच्या टब. त्यातलं उरलेलं घरी आण म्हटलं. प्रत्येक रोपाखाली चार-चार मासे पुरले. वेंडेल काहीतरी बोलणार होता. म्हटलं, तू समुद्र बघ, शेती मी बघते.

३ जून
रात्री रॅकूनने, त्या मांजराएवढ्या चोरट्या जनावराने, सगळे मासे उकरून खाल्ले. पुन्हा पुरले. वर दगड ठेवले.

१० जून
पानांची टोकं तपकिरी झालीत. भुकेली आहेत. झाडाला तोंड नसतं, ते टोकांनीच सांगणार. आणखी मासे.

१४ जून
शेजारची हिल्डी कुंपणावरून डोकावली. सोसायटीत आमिष देण्याचं काम तिच्याकडे असतं. नवरा गेल्यापासून कोंबड्या पाळते, गांजा लावते आणि दुसऱ्यांच्या परसात बघते.

म्हणाली, अगं बये, उपाशी नाहीत ती, जळतायत! मीठ आहे ना त्या माशांत. खणून काढ आणि भरपूर पाणी सोड. मी म्हटलं, समुद्रात काय कमी मीठ आहे, तिथे नाही उगवत झाडं? म्हणाली, गांजा नाही उगवत. ती किनाऱ्यावरचं शेवाळ आणते, पावसात धुऊन घेते, कोंबड्यांच्या विष्ठेबरोबर वर्षभर कुजवते. तेही फुकटच पडतं म्हणे. दोन बादल्या देऊ का, विचारत होती.

नको म्हटलं. फुकट देते म्हणजे काहीतरी असणारच. गेल्या वर्षी तिची झाडं छपराला टेकली होती. तिला बरोबरीला कोणी नकोय.

२२ जून, रविवार
खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात. पहिला पानांचा, दुसरा मुळाफुलांचा, तिसरा एकंदर तब्येतीचा. आधी पहिला जास्त लागतो, फुलं धरायला लागली की बाकीचे दोन. हे हिल्डीने न विचारता सांगितलं. मी म्हटलं, मासा हा अख्खा प्राणी आहे, त्यात सगळे आकडे येतात.

तरी शेगडीतली राख घातली. कॉफीचा चोथा घातला. अंड्यांची टरफलं घातली. मग मासे.

४ जुलै
गावात स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. वेंडेलच्या हातातून झेंडा दोनदा पडला. दुसऱ्यांदा त्याने उचललाच नाही. घरी येताना म्हणाला, इर्मा, मला नाही वाटत मला आता दोर ओढता येईल. म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत थांब. म्हणाला, ऑक्टोबर लांब आहे गं. म्हटलं, झाडांनाही तो तेवढाच लांब आहे, ती कुठे रडतायत.

एका झाडाची खालची पानं सगळी गळाली. बरंच झालं. खालची पानं म्हणजे नुसतं ओझं.

१२ जुलै
ऑक्टोबरची वाट बघायला लागू नये म्हणून अक्कल चालवली. गळलेली पानं डुकराच्या चरबीत तासभर उकळली, गाळून बरणीत भरली. पहिला मलम! रंग हिरवा म्हणता येणार नाही. आजपासून रोज जेवणानंतर वेंडेलचे हात चोळणार.

१५ जुलै
काल एक झाड मेलं. रॅकूनने मुळं हलवली असणार.

आज हिल्डी ब्लूबेरीचा केक घेऊन दारात. तोंड एवढंसं. माझा हात धरून म्हणाली, मला कळलं गं. फार वाईट वाटलं. एवढी वर्षं, आणि असं एका दिवसात.

एका झाडासाठी केक! माणूस मेल्यावर आणतात तसा, वर फडकं झाकून. टोमणा मारायला बाई पहाटे उठून भट्टी पेटवते म्हणजे कमालच झाली. मी म्हटलं, हिल्डी, इथे सुतक नाही. गेलं तर गेलं, अजून दोन आहेत. ती माझ्याकडे अशी बघायला लागली जसं काही माझंच डोकं फिरलंय. म्हणाली, दोन? तुमच्याकडे दोन आणखी आहेत? म्हटलं, आहेत, आणि तुझ्यापेक्षा उंच होतील. दार लावलं.

तिच्याशी बोलणं बंद. सोसायटीच्या बाजूलाही फिरकायचं नाही.

केक चांगला होता.

२८ जुलै
विजय! वेंडेलची सूज उतरली. आज नाडी स्वतः बांधली. कपाचा कानसुद्धा धरला. पंधरा दिवसांच्या मलमात! दाढीवाल्याच्या चार बाटल्यांनी झालं असतं हे?

त्याला म्हटलं, बघ, म्हणत होते ना. तो ताटात बघत जेवत राहिला. लाजतो.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ‘इर्मा जी’ धुक्यात शिरताना बघते. बोट विकायचं नावसुद्धा काढत नाही आता. विशेष म्हणजे हल्ली त्याच्या कपड्यांनाही माशाचा वास येत नाही. मलम अंगात मुरला की वास शोषून घेत असावा. आमिषाचा डबा मात्र न चुकता आणतो, बिचारा.

९ ऑगस्ट
दुसरं झाडही आडवं झालं. आता एकच. पण एकाकडे लक्ष चांगलं देता येतं.

वेंडेलला म्हटलं, आता दुप्पट आमिष आण, झाडाला फुलं धरायची वेळ आहे. म्हणाला, थोडं कमी केलं तर? हल्ली आमिष महाग झालंय. म्हटलं, महाग असेल, पण तुला कुठे झाडांसाठी विकत घ्यायचंय? पिंजऱ्यातलं उरलेलंच तर आणायचंय. नंतर डबा आणला, दुप्पट भरलेला.

२ सप्टेंबर
झाड गुडघ्याएवढं आहे. फूल आलं! शर्टाच्या बटणाएवढं.

हिल्डीच्या झाडांना वाऱ्याने पडू नयेत म्हणून पिंजऱ्याचा दोर बांधावा लागलाय. कुंपणापलीकडे बघायचं नाही असं ठरवलं. बघितलं.

२१ सप्टेंबर, रविवार
वेंडेल आताशा रोज ठरल्या वेळी घरी येतो. पूर्वी भरती-ओहोटी, वारा, बिघडलेलं इंजिन, शंभर भानगडी असायच्या. हात बरे झाले की माणसाचं कामही कसं घड्याळासारखं चालतं बघा.

आज चोळताना म्हटलं, पुढची दहा वर्षं बोट चालवशील तू. त्याने हात काढून घेतला. म्हणाला, पुरे आज. गुदगुल्या होत असतील.

५ ऑक्टोबर
कापणी. वाळवून झाल्यावर सगळं पीक उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात मावलं. वास घेतला. हेरिंग. शुद्ध हेरिंग.

हरकत नाही. पहिलं वर्ष शिकण्याचं. चूक कळली मला: मासे कमी पडले आणि उशिरा पडले. पुढच्या वर्षीचे वाफे आत्ताच भरून ठेवायचे, म्हणजे थंडीभर कुजतील. वेंडेल डब्याने आणतो, त्याने काय होतं? उद्या स्वतः जाऊन सोसायटीतून अख्खा टब उचलणार. हिल्डी असली तर असू दे.

६ ऑक्टोबर
सोसायटीत गेले. हिल्डी होती. मी तोंड फिरवून म्हटलं, वेंडेलच्या नावावर एक टब हवाय. ती म्हणाली, बाई गं, अजून? अख्ख्या बंदरात बोट नसताना आमिष विकत घेणारा तुझा नवरा एकटाच आहे.

मी म्हटलं, बोट नसताना म्हणजे?

हिल्डीने हातातलं फावडं खाली ठेवलं. म्हणाली, अरे देवा. इर्मा. तुला माहीत नाही?

धक्क्याला ‘इर्मा जी’ लागली होती. हिल्डीचा भाचा ड्वाइट शेवंडांच्या पेट्या उतरवत होता. मला बघून टोपी काढली त्याने. जुलैतच त्याला विकली वेंडेलने. मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात. नाव थंडीपर्यंत पुसायचं नाही एवढी अट घातली. बंदराला माहीत. चर्चला माहीत. तो केक बोट गेली म्हणून होता. हिल्डी म्हणाली, मला वाटलं दुःखाने तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, दोन बोटी आहेत म्हणून सांगतेस.

टब घेतला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
विचारलं. खोटं बोलला नाही, तेवढं त्याचं नशीब.

म्हणाला, हात चालत नव्हते गं. दोर सुटला एकदा, पाय अडकून पाण्यात गेलो असतो. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाला, सांगायलाच आलो होतो, तू चुलीवर पानं उकळत होतीस. गाणं म्हणत होतीस.

म्हटलं, मग पहाटे डबा घेऊन रोज जायचास कुठे? हायवेवरच्या शेतीच्या दुकानात. गल्ल्यावर बसतो. काही उचलावं लागत नाही. काय विकतोस? खाली बघून म्हणाला, बियाणं. कोंबड्यांचं खाद्य. खतं.

खतं! म्हटलं, म्हणजे मिठाने झाडं जळतात हे तुला कळत होतं? म्हणाला, पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते, गिऱ्हाइकांना सांगायला. लोकांना सांगत होता! इकडे घरी संध्याकाळी डबा भरून खारे मासे. का रे? तर म्हणाला, आमिष थांबवलं असतं तर तू बोटीचं विचारलं असतंस.

म्हणजे बोट लपवायला माझी झाडं जाळली. विकत आणलेल्या आमिषाने. मी फुकट फुकट म्हणून नाचत होते आणि हा पगारातून हेरिंग आणत होता. दाढीवाल्याच्या चारही बाटल्या त्याहून स्वस्त पडल्या असत्या, मुकादमासकट.

शेवटी विचारलं, आणि हात? हात कशाने बरे झाले? बोटं उघडमीट करून बघितली त्याने. मग म्हणाला, दोर ओढणं थांबलं ना. पण तू चोळायचीस ते बरं वाटायचं.

वरच्या खोलीत जाऊन झोपले.

८ ऑक्टोबर
वेंडेलशी बोलायचं नाही. महिनाभर तरी. जास्तच. त्याने मला वेडी ठरवलं, गावाने मला वेडी ठरवलं आणि मी वर या वहीत ‘विजय!’ म्हणून लिहून ठेवलं.

खिडकीतून बोट दिसते. पडदा लावला. मग ओट्यावर अंधार होतो म्हणून काढला.

आज जेवण झाल्यावर तो सवयीने दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला. मी भांडी घासत राहिले. मग घसा खाकरून म्हणाला, दुकानात काम करणाऱ्यांना खत अर्ध्या किमतीत मिळतं. तिन्ही आकडे बरोबर असलेलं. पुढच्या वर्षासाठी एक पोतं आणून ठेवू का?

अर्ध्या किमतीत.

बोलायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे हो म्हणता येत नाही.