पोटकलम दोन

८ एप्रिल १९८७
पोलीस घरी येऊन गेले. मीनू बनी पार्कातल्या ज्या संगणक केंद्रात काम करते, तिथे कॉलेजच्या परीक्षेचे गुण कोणीतरी बदललेत. बदल मीनूच्या पासवर्डने झाले. त्या दिवशी ती तापाने घरीच होती. तसं सांगितलं तर ठाणेदार म्हणाले, "नाम इसका, तो काम इसका." आमचे हे ड्युटीची गाडी घेऊन गेलेत, उद्या परततील. पोर भिंतीकडे तोंड करून पडलीय.

९ एप्रिल
सचिवालयात माझ्याच टेबलावर हाच विषय. संगणकाच्या गुन्ह्यांवर देशभरासाठी कायदा करायचा घाटतोय, दिल्लीने आमच्या विधी विभागाकडे मसुदा मागितलाय. सोबत परदेशी कायद्यांचं बाड. आपल्याकडे दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा गुन्हाच नाही, मग खऱ्या माणसाला शोधणार कोण? पहिलं पोटकलम एका दमात लिहिलं. ऑफिसात घरचं कोणाला बोलले नाही.

१३ एप्रिल
मीनूने आज तोंड उघडलं. आजारी असताना सोबतच्या राजेशला तिनेच पासवर्ड दिला होता. "काम रुकायला नको मतलब... म्हणून दिला, आई." राजेश कानावर हात ठेवतो. पोलिसांना तिने हे सांगितलेलंच नाही.

१५ एप्रिल
बाडातल्या एका कायद्यात पोटकलम दोन: आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणाराही दोषी. माझे वरिष्ठ माथुरसाहेब बजावून गेले, बाहेरच्या कायद्यांशी जुळायला हवं, काही गाळू नका.
गाळलं. परत लिहिलं. परत खोडलं. माझ्याच्याने हे

१७ एप्रिल
माथुरसाहेबांना सगळं सांगून टाकलं. पोटकलमाचंही. ऐकून घेतलं, फाईल स्वतःकडे ओढली. "मॅडम, नया कानून पीछे नहीं जाता. आपकी बेटी को न फँसाएगा, न बचाएगा."
हे मला ठाऊक नव्हतं का? पहिल्या वर्षाला शिकवतात. पण आठवडाभर त्या कागदाला धरूनच जगत होते. आता तोही नाही. रजा टाकली.

२० एप्रिल
मीनू दोन घास खाते नि उठते. हे म्हणाले, काही दिवस भुसावळला आत्याकडे पाठवू. तिने नकारार्थी मान हलवली. "पळाले तर मीच केलं असं होईल."
उद्या ठाण्यात जाऊन राजेशचं नाव सांगणार म्हणते. सुटेल की आणखी अडकेल? वकिलीची सनद आहे माझ्याकडे, आणि पोरीला एवढंही सांगता येत नाही.
"तू येशील ना?"
हो म्हटलं. तिथे काय बोलू, तिने विचारलं. जे झालं तेच, म्हटलं.