आबारावांचा हुंकार

वाडी, ता. भूम
२ जून १९७८

चि. श्रीपतीस मथुराअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमी सगळे खुशाल. म्हैस व्याली. खरवसाची तुझी वाटणी आमीच खाल्ली, रुसू नको.

आता जिवाला घोर लावणारी गोष्ट. आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन आबाराव गावातलं दूध केंद्र उचलून आपल्या वस्तीवर नेणार म्हणतात. वस्ती लई लांब. उन्हात दूध नासलं तर बायांनी घर कशावर चालवायचं? अकरा तारखेला सभेत मतं पडणार. बाया मला म्हणतात, तूच बोल, दुष्काळी कामावर खडी फोडताना गोष्टी सांगून तूच आमाला तगवलंस. अरे, गोष्ट सांगणं वेगळं अन् भर सभेत उभं राहणं वेगळं! चार शब्द लिहून धाड.

माया पातळ करू नको.

तुझी अक्का

येडशी स्टेशन
६ जून १९७८

ती. सौ. अक्कास श्रीपतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

खरवसाचा राग आहेच, भेटीत वसूल करीन. भाषण सोबत धाडलंय, पाठ कर. स्टेशनमास्तरांना वाचून दाखवलं. निदान ते झोपले तरी नाहीत. एकच विनवणी, तिथं गोष्टीबिष्टी सांगू नकोस. आबारावांपुढं तुझं हसं झालेलं मला सोसायचं नाही.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावर जीव असू द्यावा.

तुझा श्रीपती

वाडी, ता. भूम
१२ जून १९७८

चि. श्रीपतीस अक्काचे पोटभर आशीर्वाद.

जिंकलो रे! केंद्र गावातच राहिलं!

तुझं भाषण ‘सन्माननीय सभासद’ इथवर बरं चाललं. मग बाप्ये तंबाखू मळायला लागले. म्या कागद ठेवला अन् खडीवर सांगायची तशी गोष्ट सुरू केली. एक बाई होती, रोज डोक्यावर दूध घेऊन उन्हातनं लांबच्या वस्तीवर जायची. इतकं बोलून थांबले. ऐकणाऱ्यानं हुंकार दिल्याबिगर गोष्ट पुढं न्यायची न्हाय, हा आपला रिवाज. आबारावांची माणसं मुद्दाम गप्प. बाया धास्तावलेल्या. अन् पहिला हूं आला तो खुद्द आबारावांचा! जन्माची सवय, निसटला तोंडातनं. सभा खदखदली. हुंकार दिला म्हणजे गोष्ट संपेस्तोवर उठायचं न्हाय, तेव्हा बसले बिचारे.

पुढं सांगितलं, दूध वाटेतच नासलं, केंद्रावरच्या सेक्रेटरीनं ते घेतलं न्हाय, बाई भरली घागर घेऊन रस्त्यात उभी राहिली. तिथं मी गप्प बसले. आबारावांनाच राहवंना, मग काय झालं म्हणून विचारलं. म्या म्हणलं, मला काय ठावं, केंद्र गावातच राहिलं का ते सभासदांनीच हात वर करून सांगावं.

पहिला हात तुळजाबाईंचा, आबारावांच्या मालकिणीचा. मागनं सगळ्या बायांचे, निम्म्या बाप्यांचे. मला तर रडूच फुटलं.

बाया आता मला सोसायटीच्या पंचकमिटीत धाडणार म्हणतात. अन् मी जाणार. पुढल्या सभेला येशील तेव्हा पुढं बस अन् हुंकार मोठ्यानं दे.

तुझी अक्का
मथुराबाई